गुडघ्याखाली टीचभर

लाल डाग नवा होता. जुन्या जखमेच्या वर दोन बोटं, नडगीच्या आतल्या कडेला, मसुराच्या दाण्याएवढा. मधली त्वचा पातळ होऊन चकाकत होती, आणि शेजारी बोटाने दाबलं की पांढरी पडलेली जागा पुन्हा रंगावर यायला हवा त्यापेक्षा अंमळ जास्त वेळ घेत होती. धाकटीने मनातल्या मनात चारपर्यंत मोजलं. मग पट्ट्यांच्या डब्यातून कापडी टेप काढली, तिचं एक टोक दादाच्या गुडघ्याच्या वाटीखाली धरलं आणि दुसरं डागापर्यंत आणलं.

"काय शिवतेस? विजार?" दादाने विचारलं.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतोय? हा पाय अडीच वर्षं झाली, माझं ऐकत नाही. तुझं ऐकतो का बघ."

सतरा सेंटिमीटर. मागच्या रविवारी वीस होते.

तिने टेप गुंडाळून ठेवली. आकडा लिहून ठेवायची तिला गरज नव्हती. हॉस्पिटलच्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत ती बावीस वर्षं साचे घेत होती. जंतू पोचलेल्या जागेच्या बरंच वरून सर्जन हाड घेतो, म्हणून सतरातले चार सोडून द्यायचे. उरले तेरा. तेरा सेंटिमीटर म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट ताणलं तर मधे मावेल एवढं, टीचभर. तेवढ्या हाडावर पाय बसतो, गुडघा वाकतो, माणूस जिना चढतो. त्याहून कमी उरलं की कार्यशाळेतले लोक एकमेकांकडे बघून गप्प होतात. आणि गुडघाच गेला, तर तो पाय निराळा, ती चाल निराळी आणि पुढचे सगळे दिवसही निराळे.

दादा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अडीच वर्षांपूर्वी शिडीवरून पडला तो नेमका डाव्या घोट्यावर. घोट्याचा चुरा झाला. तेव्हापासून सात ऑपरेशनं झाली होती. हाडात शिरलेले जंतू औषधाने दबायचे आणि औषध थांबलं की पुन्हा डोकं वर काढायचे, दर वेळी थोडं वर. मागच्या महिन्यात सर्जनने सरळ सांगितलं होतं, "आता काढला तर गुडघा राहील. अजून थांबलात तर मला सांगता येणार नाही." त्यावर दादा म्हणाला होता, "बघू या, पायालाच विचारतो," आणि सर्जनलाही हसायला लावून बाहेर आला होता.

वहिनी चहा घेऊन आली. "काय म्हणतोय आमचा पाय?"

"वर चढतोय," धाकटी म्हणाली.

वहिनीने कप खाली ठेवले. "वन्सं, तीन."

वहिनी सकारात्मक विचारांच्या ज्या वर्गाला जात असे त्या वर्गातला हा नियम होता. कुणाच्या तोंडून नकारात्मक शब्द गेला की त्याने लगेच तीन चांगल्या गोष्टी म्हणायच्या. वर्गाच्या बाईंनी शब्दांची यादीच दिली होती. कापणं, सडणं, जाणं, संपणं. या घरात आता केस कापायला कुणी जात नसे, केस नीट करायला जात. अडीच वर्षांत धाकटीने या खोलीत बसून शेकडो चांगल्या गोष्टी म्हटल्या असतील.

"चहा गरम आहे," ती म्हणाली. "पंखा चालू आहे. उद्या सोमवार आहे."

"सोमवारात काय चांगलं?"

"मला कामावर जायला मिळतं."

दादा इतका हसला की पाय स्टुलावरून घसरता घसरता राहिला, आणि क्षणभर त्याच्या ओठांचा रंग गेला. वहिनी तेव्हा साखर ढवळत होती.

भिंतीवर वर्गाच्या पाट्या होत्या. रंगवलेल्या अर्थात दादाने. शिडीचं काम बंद झाल्यापासून तो खिडकीशी बसून वर्गासाठी पाट्या करून द्यायचा. 'मी पूर्ण आहे.' 'मी दर क्षणी बरा होत आहे.' अक्षर असं देखणं, की मजकुराचा राग येऊनही धाकटीची नजर त्यावर ठरायची.

"दादा, डॉक्टरांना फोन कधी करणार आहेस?"

"करू."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यातही पुढचा आठवडाच होता."

"म्हणजे मी शब्दाचा पक्का आहे."

"चेष्टा पुरे. ते एकदा ठरवून टाक."

"ते म्हणजे?" दादाने विचारलं. तो हसत नव्हता, नुसता तिच्याकडे बघत होता.

"ते. डॉक्टर म्हणाले ते."

"वन्सं," वहिनी मधे पडली, "डॉक्टर सगळंच म्हणतात. त्याच डॉक्टरांनी पहिल्या दिवशी पाय वाचवला की नाही? एवढा चुरा झालेला, तरी वाचवला. तो काय उगाच? राहायचा होता म्हणून राहिला. हे मी नाही म्हणत, जे झालं तेच सांगतेय."

बोलणं इथवर आलं की धाकटीला नेहमी काहीतरी काम आठवायचं. तिने पट्टीची उरलेली गुंडाळी घेतली आणि ती मुळात नीट गुंडाळलेली असताना उलगडून पुन्हा गुंडाळायला बसली.

*

सोमवारी सकाळी तिचं प्लास्टर घमेल्यातच घट्ट झालं. पाण्यात भुकटी टाकून, ढवळून, ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली होती. भानावर आली तेव्हा कालथा त्यात उभा रोवला गेला होता.

"वा," मिस्त्री म्हणाला. लाकूड आणि चामड्याचं काम करणारा हा म्हातारा तिच्याही आधीपासून कार्यशाळेत होता. "बावीस वर्षांत पहिल्यांदाच घमेल्याचा साचा घेतलात बाई. याला पाय बसवायचा का चाक?"

"मिस्त्री, तोंड बंद ठेवा."

"ठेवतो. पण आधी ती बाहेर बसलेली तोफ आत घ्या. नवव्यांदा आलीय."

तोफ म्हणजे शिंपीणबाई. तिचा उजवा पाय मांडीपासून नव्हता. कृत्रिम पाय तिने पिशवीत घालून आणला होता आणि स्वतः कुबड्यांवर आली होती, म्हणजे आज सगळ्यांची हजेरी घेतली जाणार हे नक्की. तिने पिशवी टेबलावर उलटी केली.

"हा तुमचा पाय तुम्ही ठेवा मॅडम. तुम्हीच घाला, तुम्हीच चाला."

"कुठे लागतंय?"

"सगळीकडे."

"सगळीकडे लागत नसतं. बोट ठेवून दाखवा."

शिंपीणबाईने कुरकुरत खुर्चीत बसून पाय चढवला, उभी राहिली, चार पावलं टाकली आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "इथे. वळताना. उभी राहिले की नाही. बसल्यावर तर अजिबातच नाही. मशीनवरून उठून कापड घ्यायला वळले की इथे."

धाकटी गुडघ्यांवर बसली आणि सॉकेटची, म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसते त्या खोलगट भांड्याची, कड तपासू लागली. बोट अचूक होतं. कडेला नखाएवढा उंचवटा राहिला होता. तिने पेन्सिलीने खूण केली.

"घासून देते. पण थोडी मनाची तयारीही हवी. सकारात्मक राहिलं की..."

"मन माझं तयार आहे. तुमचं भांडं तयार नाही."

मिस्त्री कोपऱ्यात खोकल्यासारखं हसला. धाकटीला कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं जाणवलं. तिने कानस घेतली.

"हिचं बरं आहे," मिस्त्री कानशीच्या आवाजावर म्हणाला. "भांडते म्हणून चालते. तो ट्रकवाला आठवतो? पहिल्याच दिवशी 'झकास, झकास' करत गेला. त्याच्या पुतण्याकडून कळलं, पाय दाराच्या मागे उभा आहे. टोपी अडकवतात त्यावर."

"आम्हाला नाही जमत झकास," शिंपीणबाई म्हणाली. "आमचं झकास सगळं आधीच करून झालंय. अकरा महिने केलं. पाय काळा पडत चाललेला आणि मी आल्यागेल्याला सांगतेय, काही नाही हो, बरं वाटतंय. तेही म्हणायचे, चेहऱ्यावर काय तेज आहे बघा हिच्या."

धाकटीचा हात थांबला. "अकरा महिने का थांबलात?"

"घरातलं कुणी 'काढ' म्हणेना. डॉक्टर म्हणत होते, पण डॉक्टर काय, परका माणूस. आपलं माणूस म्हणत नाही तोवर वाटतं, असेल काही आशा, नाहीतर हे बोलले नसते का? आणि ते बिचारे गप्प, कारण मी हसतेय." तिने हात झटकला. "या असल्या शहाणपणात गुडघा गेला माझा. गुडघा असता तर मशीन दोन्ही पायांनी मारलं असतं. आता एका पायाने मारते, शिवण वाकडी जाते, मग गिऱ्हाइकाशी भांडते. सराव होतो."

कानस पुन्हा सुरू झाली. उंचवटा गेला, आणि गेल्यावरही थोडा वेळ धाकटी तिथे घासत राहिली.

"अहो मॅडम, बास! भोक पाडताय का?" शिंपीणबाई ओरडली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या घरी आहे का कुणी?"

"नाही," धाकटी म्हणाली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भाऊ आहे."

शिंपीणबाईने पाय हातात घेतला. पाय चढवला, वळून पाहिलं, दोनदा वळून पाहिलं. "बरं आहे," ती नाइलाजाने म्हणाली. "दहाव्यांदा येईनच."

*

बुधवारी दुपारी अर्धा दिवस रजा टाकून धाकटी दादाकडे गेली. तिने वाटेत वाक्यं ठरवली होती. पहिलं वाक्य जिन्यातच निरुपयोगी झालं, कारण दार उघडं होतं आणि आत वर्ग भरला होता.

पाच बायका आणि दादा डोळे मिटून गोल बसले होते. दादाचा पाय मधोमध स्टुलावर होता, सगळ्यांनी मिळून काहीतरी शिजवायला ठेवलं असावं तसा. वर्गाच्या बाई मऊ आवाजात बोलत होत्या.

"पायाकडे हिरवा प्रकाश जातोय. तळव्यातून वर येतोय. आता घोट्यात आलाय. घोटा म्हणतोय, मी बरा आहे."

"घोटा आहे कुठे म्हणायला?" धाकटी दारातून म्हणाली.

पाच जोडी डोळे उघडले. दादाने आपले मिटलेलेच ठेवले, पण त्याच्या गालाची एक बाजू हलली.

"या ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांची बहीण. ऐकून आहे मी. तुमच्या मनात भीती आहे, आणि भीती असली की माणसाला जखमच दिसते."

"मला जखम दिसते, कारण पट्टी मी बदलते."

"वन्सं!" वहिनी उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "तीन."

"नाही."

"तीन म्हणा. इथे सगळे नियम पाळतात."

"वहिनी, नाही म्हणणार. माझ्याकडच्या संपल्या. पंखा तेवढाच आहे, चहा तेवढाच आहे, आणि माझ्याकडे आता एकही चांगली गोष्ट उरलेली नाही."

मग दादाने डोळे उघडले आणि हात जोडले. "मंडळी, आज माझ्या पायाला पाहुणे आलेत. प्रकाश अर्ध्यात सोडायला लागतोय, माफ करा. घोट्यापर्यंत आलाय, तिथेच राहू दे. पुढच्या वेळी वर नेऊ." बायका हसल्या, सुटल्यासारख्या उठल्या, आणि पर्स, ओढण्या, चपला गोळा करत जिना उतरून गेल्या. बाईंनी जाता जाता वहिनीच्या पाठीवर हात ठेवला.

दार लावून वहिनी तिथेच उभी राहिली.

"माझ्या माणसांसमोर," ती म्हणाली.

"चुकलं माझं. पण वहिनी, जंतू सतरावर आलेत. दर आठवड्याला..."

"मला आकडे सांगू नका. तुम्हाला आकडे येतात, साचे येतात. यांना रंगवता येतं. मला काय येतं ते सांगा ना. मी काय करू? सकाळी उठून त्या पायाकडे बघून रडू? ते केलं मी. पहिले चार महिने न्हाणीत नळ सोडून तेच केलं. मग या बायका भेटल्या. त्या निदान येतात, बसतात, हात धरतात. तुम्ही येता, टेप काढता आणि तोंड वाकडं करून जाता."

धाकटीने खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली.

"आणि माझा विश्वास वेडगळ असेल, पण तो हवेतला नाही," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी वाचला होता पाय. डॉक्टरांनी वाचवला. हे तर खरं आहे ना?"

कोपऱ्यात पट्टीची गुंडाळी होती. धाकटीने तिला हात लावला नाही.

"डॉक्टरांनी नाही वाचवला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या दुपारी तुम्ही बहिणीच्या बाळंतपणाला गेला होतात. फोन लागत नव्हता. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, घोटा उरलेला नाही, गुडघ्याखालून काढलेला बरा, तीन-चार महिन्यांत हा माणूस चालायला लागेल." तिने श्वास घेतला. "मी नाही म्हटलं. त्यांनी समजावलं. मी पुन्हा नाही म्हटलं. कुठे कुठे असे पाय वाचलेत ते मी त्यांना पाठ म्हणून दाखवलं. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, सही करा. कागदावर सही माझी आहे."

वहिनी दारापासून टेबलाशी आली.

"दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मीच म्हटलं असतं, काढा, मी याला उभं करते. रोज म्हणते. ज्यांना ओळखतही नाही त्यांना म्हणते. इथे मला म्हणता आलं नाही."

"म्हणजे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो."

"आणि मी जगाला सांगत सुटले, पाय राहायचाच होता म्हणून राहिला."

"हो. आणि मी ऐकत होते."

वहिनीने टेबलावरच्या बश्या गोळा केल्या, एकात एक ठेवल्या, पुन्हा वेगळ्या केल्या. "सात ऑपरेशनं," ती म्हणाली. "सातही वेळा बाहेरच्या बाकावर मी होते." एवढंच बोलून ती बसली, बश्या मांडीवर तशाच धरून.

रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी मोठ्याने त्याला 'ये, ये, अजून ये' सांगत होता.

"मला माहीत होतं," दादा म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"इंजेक्शनने डोळे मिटले होते. कान उघडे होते. दाराबाहेर काय सुनावत होतीस त्या डॉक्टरला! 'माझ्या भावाचा पाय आहे तो, टेबलाचा नाही.' मला वाटलं, हा माणूस रडत घरी जाणार."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू एवढी भांडलेली त्याच्यासाठी. नंतर हिने भिंतभर पाट्या लावल्या, त्याही माझ्याकडूनच रंगवून घेतल्या. एकीने वाचवलेला, दुसरीने जपलेला. पाय माझा आहे असं मलाच वाटेनासं झालं. दोन बायकांची अमानत सांभाळतोय असंच वाटायचं."

धाकटी स्टुलाजवळ खाली बसली. "दुखतो का रे?"

हा प्रश्न ती दर रविवारी विचारत असे आणि दर रविवारी उत्तर यायचं, 'मजेत आहे.' आताही दादाच्या तोंडाचे कोपरे सवयीने वर गेले. मग ते आपोआप खाली आले, आणि एवढ्यातच त्याचा चेहरा पाच-सात वर्षांनी मोठा दिसायला लागला.

"सकाळी जमिनीला टेकवला की आत काच फिरते," तो म्हणाला. "ही उठायच्या आधी मी टेकवून घेतो, म्हणजे तोंड वाकडं व्हायचं ते होऊन जातं. वास येतो त्याला. तुम्हाला येत नाही, कारण मी रंगाचे डबे उघडे ठेवतो. तुम्हाला वाटतं, काय कामसू माणूस आहे! औषधाने तोंडाची चव गेली त्याला दोन वर्षं झाली. आणि गाल दुखतात माझे. खरंच सांगतो, चेष्टा नाही. कुणी आलं की आधी मी हसायचं, मग त्यांना बरं वाटतं, मग ते माझं कौतुक करतात, मग मी पुन्हा हसायचं. वैताग आलाय, धाकटे. या पायाचा आलाय, त्या पाट्यांचा आलाय, आणि सगळ्यांत जास्त या आनंदी माणसाचा आलाय."

वहिनीच्या मांडीवरच्या बश्या किणकिणल्या. तिने त्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या.

धाकटीला त्याचा हात धरावासा वाटला. तिने तो धरला नाही. शिंपीणबाईसमोर सुचलेलं सकारात्मक राहण्याचं वाक्य तिच्या जिभेशी आलं होतं, तेही तिने गिळलं.

"ऐक," ती म्हणाली. "आता काढला तर गुडघा राहील असं मला वाटतं. महिन्याभराने मला असं सांगता येणार नाही. आणि माझं चुकू शकतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पहिले तीन महिने वाईट जातील. कातडी सोलवटेल. नसलेला पाय दुखेल, खाजेल, आणि खाजवायला तिथे काही नसेल. साचा मी घेईन, पण पहिला साचा कुणाचाच नीट बसत नाही. तू मला शिव्या देशील."

"ही काय जाहिरात आहे?"

"नाही."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला. "जाहिराती मी रंगवतो. मला माहीत असतं आत काय असतं."

कुणी हसलं नाही, आणि कुणी हसलं नाही याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तो पायाकडे बघत होता. कुठल्याशा लांबच्या नातेवाइकाकडे बघावं तसा, ज्याला निरोप द्यायचा असतो पण आधी कुणी उठायचं ते ठरत नसतं.

वहिनीने बश्या जमिनीवर ठेवल्या. तिचे डोळे कोरडे होते. धाकटीकडे तिने पाहिलं नाही. ते पाहणं कदाचित फार दिवसांनी होणार होतं, आणि धाकटीला ते समजलं.

"अहो," वहिनी म्हणाली. "एकदा वन्संनी सही केली. मग मी पाट्या लावल्या. आता तुम्हाला काय हवंय ते तुमच्या तोंडाने सांगा. गोल गोल नको. हसून नको."

दादाने दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले.

"पाय काढायचा," तो म्हणाला. "गुडघा ठेवायचा, पाय काढायचा. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन लावा, बोलतो मी."